साठ डॉलर, पुढच्या टवक्याला वीस

तारास, तो फळा खाली ठेव.
भाव असा चौकात टांगायचा नसतो.
आधी गाडी येऊ दे, इंजिन बंद होऊ दे,
माणसाला उतरून स्वतःच बोट ठेवू दे काचेवर,
"हे बघा, इथं."
बोट ठेवलं की अर्धा सौदा झाला.
उरलेला अर्धा गप्प बसण्यात आहे
आणि ते काही माझ्या बहिणीनं तुला शिकवलेलं नाही.

ग्रँड प्रेरीत खडीला तोटा नाही.
हिवाळाभर नगरपालिका ती बर्फावर पसरते,
लाकडाचे ट्रक उचलून मागच्यांना वाटत सुटतात,
फुकट.
पैसे लागतात ते आपल्या तंबूत आल्यावर.

नीट बघ. ही चांदणी: पाच पाय, मधे खळगा.
एक डॉलरचं नाणं ठेव वर.
झाकलं गेलं तर काम आपलं,
पाय बाहेर डोकावले तर जरा विचार करायचा,
आणि तडा काचेच्या कडेला पोचला असेल
तर हात जोडायचे.
पंप बसव. हवा ओढून घे.
मग राळ सोड, थेंबाथेंबानं.
घाई केलीस तर आत बुडबुडा राहतो,
आणि तो बुडबुडा गिऱ्हाईक रोज सकाळी बघतं,
तुझं नाव घेऊन.

डाग राहतोच.
हे आधी सांगायचं, पैसे घेतल्यावर नाही.
मग साठ कशाचे, म्हणतात लोक.
खरंच, कशाचे?
जानेवारीत, उणे तीसला, हीटर पूर्ण सोडल्यावर
जे टक् होणार होतं
ते न होण्याचे.
आता न झालेली गोष्ट
कोणत्या काट्यावर तोलायची, तूच सांग.

पहिल्या वर्षी मी पंचवीस लावले होते.
लोक डोनटच्या दुकानातून बाहेर यायचे,
तंबूकडे बघायचे, बोटांवरची साखर चाटत निघून जायचे.
पंचवीसमध्ये ही काय दिवे लावणार!
चाळीस केले त्याच दिवशी बोहनी झाली.

आर्मां लाफ्रेनियेर. आरागिरणीत कामाला.
जुना हिरवा पिकअप, मागे कुत्र्याची रिकामी पेटी.
तडा वीतभर, वरच्या कडेला टेकलेला.
मला दिसलं होतं.
जागेचं भाडं थकलं होतं, गाडीत पेट्रोल नव्हतं,
मी म्हटलं, होईल.
दिवा जरा जास्तच वेळ धरला,
जणू निळ्या उजेडात खोटंही वाळून घट्ट होतं.

नोव्हेंबरात तो परत आला.
स्मोकी नदीच्या पुलावर काच
या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती.
मी गल्ल्याकडे हात नेला.
"नको," म्हणाला, "म्हटलं, तुला दाखवावं."
टोपी सारखी केली आणि गेला.

भांडला असता
तर चाळीसात मिटलं असतं रे.

म्हणून साठ.
त्यात राळ किती, दिवा किती, भाडं किती,
मला हिशोब मागू नकोस.
वीस तरी आर्मांचे आहेत.
तो काही पुन्हा आला नाही,
ते तसेच साठत चाललेत.

ती बघ, पांढरी व्हॅन वळतेय.
हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातली मारिव्हिक असणार,
रात्रपाळी करून आलीय, लवकर सोड तिला.
मी थर्मासमधला चहा ओतते.
आज तू बघ.
हवामानाचं बोल, पण बर्फाचं आपण होऊन काढू नकोस,
घाबरवून विकलेलं टिकत नाही.
आणि नाणं?
नाही, ते नको.
ते दोन डॉलरचं आहे, जरा मोठं असतं.
एकचं काढ.